दाजी आणि बदला मंडळ

माणसाला आकाशात उडता येतं, फक्त त्याला खाली उतरवायला चार माणसं आणि एक साखळी लागते, हा शोध आमच्या जिल्ह्यात कुणी लावला असेल तर तो आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. आम्ही दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या, तीर्थपुरीपासून कोसभर आत, त्यामुळे दाजी मला उभ्या जन्मात चुकले नाहीत. आक्कानं त्यांच्याशी संसार केला आणि मी भांडण केलं. दोघींनाही फुरसत म्हणून मिळाली नाही. मी चौथी शिकलेली बाई. मला सजवून सांगता येत नाही आणि कुणी सजवून सांगितलं तर मला खरं वाटत नाही. तेव्हा जसं झालं तसं सांगते.

दाजींचं मोटार भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की ती बैलगाडीत घालून त्यांच्याकडे आणायची. ते ती खोलायचे, आतली काळी पडलेली तार उपसून काढायचे आणि नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचे. अंगानं काठीसारखे, केस कायम उभे, कपाळावर वेल्डिंगचा काळा चष्मा आणि कमरेला एक हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू पिळायचा. तो पेचकस म्हणजे त्यांचा तिसरा कान. चालू मोटारीवर पेचकसाचं टोक टेकवायचे, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग सांगायचे, बेरिंग गेली, किंवा, हिला मालकानं उन्हात ठेवली, त्याचा हिला राग आहे. मोटारीला राग असतो हे ऐकून शेतकरी हसत नसत, कारण दाजींनी सांगितलेलं बराबर निघायचं. पण हीच तपासणी ते पाहुण्यांच्या सायकलीवर, आक्काच्या पाट्यावर आणि एकदा झोपलेल्या सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, छातीवरही करायला गेले तेव्हा घरात चार दिवस अबोला झाला.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे शक्ती. प्रत्येक माणसात एक शक्ती असते आणि ती ओळखल्याशिवाय त्या माणसाला नावानं हाक मारण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत. नवा माणूस दुकानात आला की पाण्याआधी विचारायचे, "तुमची शक्ती काय?" तो गांगरला की स्वतःच सांगून मोकळे व्हायचे. आक्काची शक्ती त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखली: तिसऱ्या घरातलं दूध उतू जायच्या आधी तिला वास येतो. गावच्या पाटलांची शक्ती, बैठकीत गाढ झोपून योग्य जागी हुंकार देणं. एका तलाठ्याची शक्ती त्यांनी सांगितली ती दिसेनासं होण्याची, आणि त्या तलाठ्यानं पुढे बदलून जाईपर्यंत ती खोटी पडू दिली नाही. माझी शक्ती काय म्हणून मी विचारलंच नव्हतं, तरी त्यांनी सांगितली. "तुमची जीभ," ते म्हणाले. "फक्त ती कुणाच्या बाजूनं आहे ते अजून कळलं न्हाई." मी त्यांना विचारलं, मग तुमची शक्ती काय? तर म्हणाले, शोधून राह्यलो. तो शोध त्यांनी कधी पुरा केला नाही.

आता दाजींच्या नाटकातली उडती पलटण कशी निघाली ते. तेव्हा गावात एकच टीव्ही, पंचायतीच्या खोलीतला. एका सकाळी त्यात उडणारी माणसं दाखवत होते. पाच-सहा चांगली माणसं, सगळी घट्ट कपड्यांतली, आणि त्यांनी आजवर हरवलेले सगळे दुष्ट सूड घ्यायला एक झालेले. दाजी सगळ्यात पुढे, टीव्हीला नाक लावून. आणि ते दुष्ट एकमेकांचे हात धरून शपथ घेणार, एवढ्यात लाइट गेली. पुढचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. बाकीचे उठून घरी जेवायला गेले. दाजी संध्याकाळपर्यंत काळ्या काचेसमोर बसून राहिले. पुढच्या आठवड्यातही नेमकी त्याच वेळी लाइट गेली. तेव्हा त्यांनी ठरवलं की दुसऱ्याच्या लाइटीवर विसंबून चालणार नाही, शेवट आपणच करायचा. खताच्या दुकानाच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर त्यांनी नाटक लिहून काढलं आणि दिवस धरला पोळ्याच्या करीचा. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी बैलांना औत नाही, माणसांना शेत नाही, गाव जेवून रिकामं. भरदुपारी नाटक, म्हणजे लाइट असली काय आणि नसली काय.

त्यांच्या पलटणीत पाच राखणदार. मुख्य बिजलीभाऊ, जो जिवंत तार हातात धरतो आणि त्याला काही होत नाही; तो आमचा गिरणीवाला करायचा. शाळेचा शिपाई लुगडं नेसून पाणमाय व्हायचा, पाय आपटला की पाणी लागायचं. एक ढेकळ्या होता, सगळ्यात ताकदवान, पण मातीचा असल्यानं पावसाला भ्यायचा आणि करीच्या दिवशी आभाळ आलं की तो खरोखरच घरी निघून जायचा. उरलेले दोघं दर वर्षी बदलत. समोर दुष्टांची टोळी. तिलाही दाजींनी रीतसर नाव दिलं, बदला मंडळ, कारण आमच्याकडे चार माणसं जमली की मंडळच होतं. त्यात डीपीजाळ्या, जो गावोगावच्या विजेच्या डीपी जाळत फिरतो. अळीराजा, कापसाच्या बोंडातली अळी माणसाएवढी झाली तर कशी असेल तशी. तो रशीदभाई करायचे, बांगड्यांच्या दुकानाचे मालक, हिरव्या गोधडीत शिरून सगळं नाटक पोटावर सरपटायचे आणि त्यांच्या बायकोला पुढे महिनाभर कोपरांना हळद लावावी लागायची. आणि तिसरा मोटारचोर. तो भानुदास.

दाजींचा एक नियम मात्र पक्का होता. कुणीही उगाच दुष्ट होत नाही, प्रत्येकाला त्याची तक्रार पाहिजे. डीपीजाळ्याच्या शेतात खांब आला पण तार कधी आली नाही. अळीराजाची तीन लाख लेकरं एका फवारणीत गेली. हे रशीदभाई असं सांगायचे की एका वर्षी पहिल्या रांगेतल्या दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग भानावर येऊन त्यालाच शिव्या दिल्या. मोटारचोराची तक्रार अशी की आधी त्याचीच मोटार चोरीला गेली होती. मी दाजींना म्हटलं, दुष्टाला शेवटी बदडायचंच आहे तर त्याचं गाऱ्हाणं कशाला ऐकायचं? ते म्हणाले, मोटार ऐकल्याशिवाय खोलतो का मी?

कपडे शिवायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात शिलाई मशीन दोन आणि दुसरीचा पट्टा कायम तुटलेला. माझी मशीन ओसरीत, रस्त्याकडे तोंड करून. एसटीतून उतरणारं प्रत्येक माणूस आधी मला दिसायचं. दाजी युरियाच्या रिकाम्या गोण्या घेऊन आले आणि म्हणाले, घट्ट शिवा, अंगाला चिकटलं पाहिजे. मी तसं शिवलं. पहिल्या वर्षी गिरणीवाला त्यात गेला तो बाहेर येईना, कात्रीनं काढावा लागला. बिजलीभाऊच्या पाठीवर फडफडायला एक पांढरं कापड हवं होतं. परतूरच्या बाजारातून आणा म्हटलं तर दाजी दुसऱ्या दिवशी एक जुनं, स्वच्छ धुतलेलं कापड घेऊन आले. मी घडी पुरती न उलगडताच वरच्या दोन कोपऱ्यांना नाड्या शिवल्या, त्यांनी त्यावर ऑइलपेंटनं पिवळी वीज काढली. नाटकाच्या दिवशी ते गिरणीवाल्याच्या पाठीवर उलगडलं तेव्हा वीज खाली आणि वर कुंकवाचं स्वस्तिक दिसलं. आक्काच्या लग्नातला अंतरपाट होता तो. ट्रंकेतून काढून आणलेला. आक्का गर्दीतून एवढंच म्हणाली की घरी या, आणि ते ऐकून त्या दिवशी दुष्टांपेक्षा दाजीच जास्त घाबरलेले दिसले.

आणि ते उडणं. विहिरीतून मोटार वर ओढायची साखळीची कप्पी असते, तीन बल्ल्यांच्या तिकाटण्याला टांगतात. दाजींनी गिरणीवाल्याच्या कमरेला पट्टा बांधला आणि त्या कप्पीनं त्याला आधीच वर चढवून ठेवला. आता ही कप्पी मोठी भरवशाची, पण तिला घाई ठाऊक नाही. दहा हात साखळी ओढावी तेव्हा माणूस वीतभर सरकतो. बिजलीभाऊ वरून ओरडला, आलो, दुष्टांनो, आणि मग खडखड खडखड करत एवढ्या सावकाश खाली येऊ लागला की दुष्टांना काय करावं कळेना. कारण बिजलीभाऊचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याशिवाय मारामारी करायची नाही असं कॅलेंडरवर लिहिलेलं. डीपीजाळ्यानं बिडी पेटवली. रशीदभाईंनी गोधडीतून डोकं काढून ओळखीच्या माणसाला उधारीचं नाही, तब्येतीचं विचारून घेतलं. भानुदासनं खांद्यावरची मोटार खाली ठेवून परत उचलली. मग तो उतरला आणि त्यानं तिघांना बदडलं, आणि पब्लिकनं वरून शेंगांची टरफलं मारली. टरफलं दुष्टांना मारायचा रिवाज पहिल्या वर्षीच पडला आणि तो वाढत जाऊन चौथ्या वर्षी त्यात ओल्या शेंगाही यायला लागल्या.

या भानुदासबद्दल सांगितलं पाहिजे. चार एकर रान, मोसंबीची बरी झाडं, मिशी एवढी की दोन चेहऱ्यांना पुरावी, आणि स्वभाव असा की म्हशीनं शेपटी मारली तर तोच बाजूला व्हायचा. प्रत्येक वाक्याला 'जी'. पण तोंडाला काळं फासून स्टेजवर गेला की असा गरजायचा की पोरं आईच्या मागं लपायची. गावानं त्याचं खरं नाव टाकूनच दिलं. पोस्टाचं कार्ड आलं तरी पोस्टमन विचारायचा, मोटारचोर रानात गेला का? तोही ओ द्यायचा.

चौथ्या वर्षीचा श्रावण. कर पंधरा दिवसांवर आलेली, मी भानुदासचाच काळा अंगरखा शिवत बसलेली. सकाळपासून शेजारच्या गावचे दोघं-तिघं नाटकाची खबर घ्यायला येऊन गेले होते, यंदा कोण काय करणार, यंदा कुणाला किती मार. तेवढ्यात एसटीतून एक टोपीवाला उतरला, पन्नाशीचा, हातात पिशवी. माझ्यासमोर उभा राहिला आणि विचारलं, "भानुदास म्हणून हाय ना इथं? कसाय तो?"

मी मान वर केली नाही. टीप मारत मारत सांगितलं, "एक नंबरचा हरामी. चार वर्षं झाली, मोटारी चोरून राह्यला."

तो म्हणाला, "अन् गाव काय म्हणतं?"

"गाव काय म्हणणार. दर साली बदडतं. यंदा उलटा टांगणारेत."

"मंग सुधरत कसा न्हाई?"

"कशाला सुधरंल," मी म्हटलं. "तो सुधरला तर गावाला मजा काय ऱ्हाईल?"

मी त्याला चहा घेऊन जा म्हटलं, तर तो न घेताच उलट्या पावली फाट्याकडे गेला. मला वाटलं, काय उद्धट माणूस.

दोन दिवसांनी भानुदासची आई माझ्याकडे ब्लाउज टाकायला आली आणि ओसरीत बसूनच रडायला लागली. भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईची मुलगी, सगळं जमलेलं, फक्त मुलीचा मामा येऊन चौकशी करून जाणार होता. त्याचा निरोप आला की मुलगा चोरीच्या नादी आहे, गावातल्याच एका बाईनं तोंडावर सांगितलं, सोयरीक मोडली. तिसरी सोयरीक होती ती. आधीच्या दोन पत्रिकेवरून गेल्या, ही तोंडावरून गेली. "कोण असंल हो ती अवदसा?" तिनं मला विचारलं. माझ्या तोंडात टाचणी होती. ती मी तोंडातच राहू दिली.

लगोलग उठून पिंपळगावला जावं, असं मला वाटलं नाही असं नाही. पण मला चूक झाली असं म्हणायची सवय नव्हती. माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षं वाट पाहिली, त्यालाही घरात ते कधी ऐकायला मिळालं नाही. आणि शिवाय मी मनाची समजूत घातली की मी जे सांगितलं त्यातलं नाटकापुरतं सगळं खरंच होतं.

इकडे बदला मंडळानं खरंच बदला घ्यायचं ठरवलं. भानुदास काही बोलला नाही, पण बाकीचे दोघं दाजींच्या दुकानात जाऊन बसले. यंदा आम्ही हरणार नाही, यंदा दुष्ट जिंकतील, नाहीतर तोंडाला रंग लावणार नाही. रशीदभाई म्हणाले, "भाईसाब, हर साल हमीच मार खाना. अब तो इसकी शादी बी मार खा गई." दाजींनी पलटणीला विचारलं. गिरणीवाला म्हणाला, मी दुष्टांपुढं वाकलो तर उद्यापासून दळण कोण आणील? पाणमाय करणारा शिपाई म्हणाला, लुगडं नेसतो तेच पुष्कळ झालं, वरून हारायचं पण का? करीला आठ दिवस राहिले आणि गावात एकही उडता माणूस उरला नाही. दाजी दुकानात बसून एका जळक्या मोटारीला पेचकस लावून ऐकत होते. मोटार बंद होती.

मग ते माझ्याकडे आले, कपडे बघायला. काळा अंगरखा उचलला, उजेडात धरला आणि बराच वेळ बाहीकडे बघत राहिले. "मेव्हणीबाई," ते म्हणाले, "तुमची टीप वाकडी गेली."

माझी टीप कधी वाकडी जात नाही. मी अंगरखा हिसकून घेतला, पाहिलं, आणि खरंच खांद्यापासून बोटभर भरकटलेली. मला त्या टिपेचा एवढा राग आला की मी सगळं सांगून टाकलं. टोपीवाला, चहा, सगळं. दाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मी म्हटलं, एवढंच असेल तर जाते मी पिंपळगावला. ते नको म्हणाले. "तिथं जाऊन सांगितलं तर मुलाकडच्यांनी शिकवून धाडली म्हणतील. गावादेखत सांगितलं तर खरं. तुम्ही कपडे शिवा. त्याला आणायचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी ते पेचकस घेऊन निघाले, दोन एसट्या बदलून पिंपळगावला. तिथं मामाच्या विहिरीवर गेले, कोण-कुठला काही न सांगता चालू मोटारीवर पेचकस ठेवला, डोळे मिटले आणि असा चेहरा केला जसं घरातलं माणूस जाणार आहे. बेरिंग, म्हणाले. आठ दिवस. जास्तीत जास्त दहा. मामा घाबरला. दाजींनी मोटार तिथल्या तिथं खोलून बाजारच्या टेम्पोत घातली, ती चढल्यावरच आपल्या गावाचा आणि दुकानाचा पत्ता दिला आणि सांगितलं की करीच्या दिवशी दुपारी येऊन घेऊन जा. ती मोटार अगदी ठणठणीत होती. आमच्या गावातल्या कुणी खरी मोटार चोरली असेल तर ती फक्त दाजींनी.

करीच्या दिवशी मामा आला. दाजींनी त्याला पाटलांशेजारच्या खुर्चीत बसवला, तारेवरचं वार्निश वाळतंय तोवर कार्यक्रम बघा म्हणाले. बदला मंडळ आणि पलटण दोन्ही रंगून तयार होते. कारण दाजींनी दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं होतं की यंदा तुम्ही हरणार नाही. मी नेहमीसारखी स्टेजच्या कडेला सुईदोरा घेऊन, कुणाचं काही उसवलं तर. भानुदास खांद्यावर मोटार घेऊन आला, गरजला, गावानं 'मोटारचोर' म्हणून एकच गिल्ला केला आणि टरफलं सुटली. मामाचा चेहरा मी पाहिला. तो उठला. दाजींनी खांद्यावर हात ठेवून परत बसवला. "वार्निश वाळून राह्यलं," ते म्हणाले.

मग वरून बिजलीभाऊ निघाला, खडखड खडखड, आणि अर्ध्यावर आला असता दाजींनी साखळी धरणाऱ्यांना थांबायला सांगितलं आणि स्वतः स्टेजवर गेले, कपाळावर काळा चष्मा तसाच. ते लोकांना म्हणाले की आज मारामारी नाही, आज बैठक. दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं. पब्लिक चिडलं. गिरणीवाला वरून म्हणाला, मला तरी खाली घ्या. दाजी म्हणाले, तू पंच आहेस, तिथूनच ऐक.

डीपीजाळ्यानं तारेचं गाऱ्हाणं मांडलं, लोकांनी माना हलवल्या, कारण अर्ध्या गावाचं तेच गाऱ्हाणं होतं. रशीदभाईंनी तीन लाख लेकरं मांडली. मग दाजी भानुदाससमोर गेले. त्याची नेहमीची तक्रार त्यांनी त्याला म्हणू दिली नाही. खरी सांग म्हणाले. भानुदासचा स्टेजवरचा आवाज एकदम गेला आणि घरचा आवाज आला. "माझी काही तक्रार न्हाई जी."

"तक्रार असल्याबिगर कुणी बदला मंडळात येत न्हाई. बोल."

"सोयरीक मोडली जी."

"कुणी मोडली?"

"म्हाईत न्हाई जी."

काळं फासलेला एवढा मोठा माणूस खाली मान घालून उभा, खांद्यावरची मोटार खाली ठेवायचंही त्याला सुचलेलं नाही. दाजी लोकांकडे वळले. प्रत्येक मंडळाला मुख्य असतो, ते म्हणाले, आपल्या बदला मंडळाचा मुख्य चार वर्षांत कुणी पाहिला नाही, तो आज समोर येईल. आणि त्यांनी पेचकस काढून माझ्याकडे रोखला. "मेव्हणीबाई, शक्ती वापरा."

मला त्यांनी आधी काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी आलेच नसते, हे त्यांना माहीत होतं. हातात सुईदोरा तसाच, मी वर गेले. समोर सगळं गाव, आक्का, भानुदासची आई, खुर्चीत टोपीवाला. मी सांगितलं की या माणसानं मला भानुदासबद्दल विचारलं आणि मी नाटकातल्या मोटारचोराबद्दल सांगितलं, कारण गेली चार वर्षं या गावात त्याला दुसरं नावच उरलेलं नाही आणि तेही आपण सगळ्यांनी मिळून घालवलंय. मग मी थांबले. दाजी बघत होते. वरून गिरणीवालाही बघत होता.

"माझी चूक झाली," मी म्हटलं.

चवीला वाईट लागलं, पण मेले नाही.

मामा उभा राहिला. त्यानं तिथूनच विचारलं, "मंग खरा कसाय पोरगा, ते सांगा."

"खरा म्हणाल तर भित्रा हाय," मी म्हटलं. "कोंबडी कापायची म्हटली की घराबाहेर जातो. मिशीवर जाऊ नका, आवाज फक्त स्टेजवर निघतो. रान चार एकर, मोसंबी बरी. आईपुढं बोलत न्हाई, बायकोपुढंबी बोलणार न्हाई. तुमच्या भाचीला भांडायची हौस असंल तर देऊ नका, समोरून जबाब मिळायचा न्हाई."

मामानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग भानुदासला विचारलं, "मोटार बसवता येती का?" भानुदास म्हणाला, येती जी. "मंग चल, माझी बसवून दे," मामा म्हणाला. "भाचीबी बघून घेईल."

दाजींनी जाहीर केलं की यंदा कुणीच हरलं नाही. पण पब्लिक मार बघायला आलेलं, शेंगा खिशात तशाच राहिलेल्या. त्या सगळ्या त्यांनी टरफलांसकट मला मारल्या. मुख्य होते ना मी. सगळ्यात जोरात मारत होती भानुदासची आई. गिरणीवाल्याची आठवण त्यानंतर झाली. त्याला खाली आणलं तेव्हा त्याच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि बिजलीभाऊला चौघांनी उचलून घरी नेलं, त्यात दोघं बदला मंडळाचे.

लग्न मार्गशीर्षात झालं. भटजींनी अंतरपाट मागितला तर मुलाकडच्यांचा काही केल्या सापडेना. दाजींनी हळूच पिशवीतून काढून दिला. वर स्वस्तिक, खाली पिवळी वीज, कोपऱ्यांना माझ्या हातच्या नाड्या. भटजी वीज बघून थबकले. दाजी म्हणाले शुभ असते, आणि एक टोक स्वतःच धरलं. आक्का माझ्याशेजारी उभी होती. या वेळी 'घरी या' न म्हणता तिनं नुसता पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मी पाहिलं नाही. पुढं गावात कितीतरी लग्नांत तोच अंतरपाट मागून नेला. लोक मागायला यायचे तेव्हा म्हणायचे, बिजलीभाऊचं कापड द्या.

नाटक त्यानंतर पाच-सहा वर्षं चाललं. मग घरोघर टीव्ही आले, गिरणीवाल्याचं वजन कप्पीला पेलेना, रशीदभाई लेकाकडे जालन्याला गेले. विहिरीतल्या मोटारी जाऊन बोअरच्या लांबड्या मोटारी आल्या, त्या भरायला लोक शहरात न्यायला लागले. दाजींनी दुकान बंद केलं. भानुदासला दोन मुली आहेत, बायको कडक आहे आणि तो सुखात आहे. मोटारचोर म्हटलं की अजून ओ देतो.

दाजींना आता ऐकू येत नाही. आयुष्यभर मशीनच्या आवाजात उभे राहिले, दुसरं काय होणार. आक्का खाणाखुणांनी भांडते. पण करीच्या दिवशी दुपारी ते काठी टेकत माझ्या ओसरीत येतात, कमरेचा पेचकस काढून टोक माझ्या मशीनच्या अंगावर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला. कान गेले तरी थरथर हाडाला कळते म्हणतात. मग मला हातानं खूण करतात, चालवा. मला आता शिवायला काही नसतं, डोळेही राहिले नाहीत. मी एखादी चिंधी घेते आणि तिच्यावर टिपा मारत बसते. धागा फुकट जातो.

गेल्या करीला मी पाय थांबवला नाही आणि तसंच विचारलं, "दाजी, तुमची शक्ती काय ती सापडली का शेवटी?"

त्यांना ऐकू गेलं नाही. डोळे मिटलेले होते.

"बेरिंग चांगली हाय," ते म्हणाले. "थांबू नका."